नागोराव सरांचं सस्पिशन

कुरुंद्यात एक इंग्रजी शब्द असा आहे, की तो इथल्या म्हाताऱ्या बायांनाही येतो, शेळ्या राखणाऱ्यांनाही येतो आणि ज्यांना सही करता येत नाही त्यांनाही बिनचूक वापरता येतो. तो शब्द म्हणजे सस्पिशन. मी बदलीवर या गावात आले, त्या दिवशी स्टँडवर चहा प्यायला बसले होते. हॉटेलवाला दूधवाल्या दत्ताला म्हणत होता, "दत्ता, आज तुह्या दुधावर मला सस्पिशन हाय." मला वाटलं, गावात एखादी इंग्रजी माध्यमाची शाळा असेल. तशी काही नव्हती. गावात नागोराव सर होते.

सरांनी इथल्या हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पोरांना त्यातलं काय काय आलं आणि किती टिकलं, हा वेगळा विषय आहे. पण हा एक शब्द त्यांनी बापांना शिकवला, मग त्यांच्या लेकरांना शिकवला, आणि लेकरांनी तो घरी नेऊन आज्यांना दिला. सरांचा स्वभावही त्या शब्दाबरहुकूमच होता. आधी शब्द आवडला म्हणून स्वभाव तसा झाला, की स्वभावामुळे शब्द सापडला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत असं कळलं म्हणून मी बघायला गेले. दार उघडलं ते बोटभर. फटीतून आधी चष्मा दिसला.

"कोन?"

"मी नवीन शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आलेय."

"शिक्षिका कशावरून?"

मी पर्समधून बदलीचा आदेश काढून दिला. तो फटीतून आत गेला, दार लागलं आणि मी पाच मिनिटं उन्हात उभी राहिले. मग पुन्हा बोटभर दार उघडलं. "आदेश बराबर हाय. पण आदेश तुमचाच कशावरून?"

मीही काही गरीब गाय नाही. मी म्हटलं, "सर, घर तरी तुमचंच कशावरून?"

चष्मा जरा वेळ माझ्यावर स्थिर राहिला. तेवढ्यात आतून एका बाईंचा आवाज आला, "अवो, त्या लेकराला उन्हात काहून उभं करून राहिलात?" आणि दार सताड उघडलं. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. लेकरू म्हणवून घ्यायला मला बरं वाटलं. त्या कावेरीकाकू, सरांच्या बायको. मी खोल्या नीट न बघताच घेतल्या, त्या काकूंच्या भरवशावर.

सरांच्या घरात तीन घड्याळं होती, कारण एकावर विसंबणं बरं नाही आणि दोघांत भांडण लागलं तर तिसरं साक्षीला हवं. इंग्रजीच्या डिक्शनऱ्याही तीन होत्या. पहिलीत अर्थ पाहायचा, दुसरीत पडताळायचा आणि तिसरीत, दुसरी पहिलीवरून उतरवलेली तर नाही ना, हे बघायचं. दत्ता दूध घालायला आला की सर त्यातला एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे आणि नख उभं धरायचे. थेंब ओघळला की पाणी घातलेलं. दत्ता तोपर्यंत सावधान उभा. बाहेरगावी निघाले की कुलूप तीनदा ओढायचे, अर्ध्या वाटेवरून परत येऊन चौथ्यांदा ओढायचे आणि मला विचारायचे, "मॅडम, मी कुलूप लावताना तुमी पाहिलं ना?"

"पाहिलं, सर."

"नक्की? का माझ्या समाधानासाठी बोलून राहिल्या?"

राहायला आले त्याच आठवड्यात सरांनी मला तो शब्द शिकवायला ओट्यावर बसवलं. मी म्हटलं, मला त्याचा अर्थ माहीत आहे. सर म्हणाले, "अर्थ म्हंजे माणसाचं नुसतं नाव, मॅडम. शब्द माहीत असणं म्हंजे त्याची भावकी माहीत असणं." मग त्यांनी भावकी सांगायला घेतली.

"सब म्हंजे खाली. स्पेसेरे म्हंजे पाहणं. लॅटिन हाय. दोन्ही जोडा. खालून पाहणं. असं." आणि मान खाली घालून भुवयांच्या आडून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी काही न करताच पदराखाली काही लपवलंय का ते चाचपून बघितलं. "ह्या पाहण्याचे चार लेकरं. मागं वळून पुन्हा पाहिलं, तो रिस्पेक्ट. आत डोकावून पाहिलं, तो इन्स्पेक्टर. नाकावर काच ठेवून पाहिलं, ते स्पेक्टॅकल. अन् खालून पाहिलं, ते सस्पिशन. एका घरचे चौघं. पण रिस्पेक्ट अन् सस्पिशनचं एकमेकांशी बोलणं न्हाई."

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"वाटणीवरून," सर गंभीरपणे म्हणाले. "पैले दोघं एकच होते. लॅटिन लोक ह्याच शब्दानं मान देऊन वर बी पाहायचे. आता बघा, देवळाच्या कळसाला हात जोडताना आपण खालूनच पाहतो. अन् कळस सोन्याचा हाय का पितळंचा, हे बी खालूनच पाहतो. नजर तीच. पुढं मान देणारी नजर वेगळी निघाली अन् ह्याच्या वाट्याला नुसता वहीम आला."

"पण सर, आपल्याकडे शक आहे, वहीम आहे, संशय आहे. मग हा परदेशी कशाला?"

"शक दुसऱ्यावर येतो, वहीम आपल्याच डोक्यात राहतो, अन् संशय फक्त पुस्तकात असतो. सस्पिशन कुठं बी चालतं."

आतून काकूंचा आवाज आला. "तिसरा अर्थ सांगा की त्यांना. माझा."

सरांनी जरा नाखुशीनेच सांगितलं. डिक्शनरीत या शब्दाचा आणखी एक अर्थ होता: अगदी किंचित, चवीपुरतं, असून नसल्यासारखं. चौथीपर्यंत शिकलेल्या काकूंनी अख्ख्या इंग्रजी भाषेतून एवढाच एक अर्थ घेतला आणि स्वयंपाकघरात वापरायला काढला. "वरणात गुळाचं सस्पिशन टाकलंय बघा," असं म्हणून त्या वाटी पुढे करायच्या. सरांना त्या शब्दाचा डोंगर आणि काकूंना चिमूट, अशी त्या घरातली वाटणी होती.

आता पिठाच्या डब्याचं सांगायला हवं.

सरांचे आजोबा निजामाच्या राज्यात एका मोठ्या जमीनदाराच्या खळ्यावर राखणीला होते. ज्वारीची रास झाली आणि वाटणी व्हायची राहिली, की राशीच्या अंगावर राख टाकून तीवर चारी बाजूंनी लाकडी शिक्का उठवायचा, अशी तेव्हाची रीत. कुणी पसाभर जरी धान्य काढलं तरी रास ढासळायची आणि शिक्का मोडायचा. सकाळी आजोबा राशीभोवती फिरून शिक्के बघायचे. तो शिक्का, सागवानी, मुठीत मावेल एवढा, श्री कोरलेला, सरांकडे आला होता. खळी गेली, राशी गेल्या, मळणीयंत्रं आली. सरांना शिक्का कुठे उठवावा हा प्रश्न पडला आणि त्यांनी तो घरातल्या डब्यांवर उठवायला सुरुवात केली. ज्वारीचं पीठ सपाट करायचं आणि मधोमध श्री. बेसनावर श्री. हळदीवर श्री. काकूंनी भाकरीपुरतं पीठ काढलं, की सर पुन्हा पीठ सारखं करून शिक्का मारायचे आणि शिक्का सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. "आमच्या घराण्याचं कामच सस्पिशनचं," ते अभिमानाने सांगायचे.

एकदा हळदीच्या डब्यावरचा श्री मोडलेला निघाला. हळदीचा चोर लपत नाही, बोटं पिवळी होतात, असा सरांचा हिशोब. ते तडक बाहेर पडले आणि गल्लीत एकेकाचे हात तपासायला लागले. पण ते दिवस होते हळद काढणीचे. कुरुंद्यात त्या महिन्यात घरोघरी हळद शिजत असते आणि अंगणाअंगणात वाळत असते. पहिल्या घरात सहा जणांची बोटं पिवळी, दुसऱ्यात नऊ जणांची, तिसऱ्या घरातली तर तान्ही लेकरंसुद्धा पिवळी. सर गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचे दाखवा." सरांची दहाही बोटं पिवळी होती. त्यानंतर हळदीवरचा शिक्का बंद झाला.

पिठावरचा मात्र चालूच राहिला, आणि चाळीस वर्षं काकू त्यातलं पीठ वाटत राहिल्या. कसं, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं, कारण ते सरांखेरीज सगळ्या गल्लीला माहीत होतं.

सर अंघोळीला गेले की सदरा न्हाणीबाहेरच्या खुंटीला असायचा आणि सदऱ्याच्या खिशात शिक्का. सरांची अंघोळ अर्धा तास चालायची. न्हाणीतून ते इंग्रजी क्रियापदांची रूपं मोठमोठ्याने म्हणायचे, ए पासून डब्ल्यू पर्यंत. 'बिगिन, बिगॅन, बिगन' ऐकू आलं की मागच्या दाराशी एखादी बाई वाटी घेऊन यायची. कुणाकडे पाहुणे आलेले असायचे, कुणाचं दळण राहिलेलं असायचं. तांड्यावरून सोनाबाई यायची. ती पालेभाजीची पाटी घेऊन गावात फिरायची, आणि घरी सहा तोंडं. काकू तिच्या फडक्यात पीठ बांधून द्यायच्या, डबा तळहाताने सारखा करायच्या, खुंटीवरून शिक्का काढून श्री उठवायच्या आणि शिक्का परत खिशात. मध्ये 'स्टील, स्टोल, स्टोलन' यायचं. स्टील म्हणजे चोरणे. तिथे सर आवाज जरा चढवायचे. 'राइट, रोट, रिटन' आलं की मागचं दार बंद.

बाहेर येऊन सर डबा उघडायचे.

"पीठ कमी दिसून राहिलं."

"खाली बसलं असंल," काकू म्हणायच्या.

"शिक्का तर बराबर हाय."

"मंग?"

"मला सस्पिशन हाय."

"असू द्या."

हा संवाद मी भिंतीपलीकडून सहा वर्षं ऐकला. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सुरुवातीला मला काकूंची कीव यायची, की इतक्या चांगल्या बाईच्या नशिबी हा असला नवरा. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. काकू हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, ज्याचं ध्यान आपल्याकडं हाय, तोच वहीम घेतो. ज्याला आपली काही पडली न्हाई, तो कशाला डबे उघडून बघंल?" मला ते तेव्हा पटलं नाही. मी त्यांचं मन राखायला मान हलवली.

गेल्या मार्गशीर्षात काकू गेल्या. सकाळी चांगल्या हिंडत-फिरत होत्या. सरांनी डब्यावर शिक्का उठवला, सदरा खुंटीला लावला, आणि तेवढ्यात काकू छातीला हात लावून चुलीपाशीच बसल्या. आम्ही गाडी करून त्यांना वसमतला नेलं. संध्याकाळी परत आणलं ते चादरीत गुंडाळून. सर रडले नाहीत. लोक आले, गेले, मुलगा विलास नाशिकहून आला, दहावं झालं, तेरावं झालं. सर खाटेवर बसून आल्यागेल्याला 'या, बसा' म्हणत राहिले. मागच्या खोलीत पिठाचा डबा होता तसा होता. त्याला कुणाला हात लावू दिला नाही, एवढीच काय ती त्यांची हरकत.

मग एक विचित्र गोष्ट झाली. सर कुणावरही संशय घेईनात.

दूध आलं की न बघता पातेलं पुढे करायचे. दार उघडं टाकून मंदिरापर्यंत जाऊन यायचे. तिन्ही घड्याळं तीन वेगवेगळ्या वेळा दाखवायला लागली तरी त्यांना काही वाटेना. आधी गल्लीला बरं वाटलं. महिनाभरानंतर वाटेनासं झालं. स्टँडवर माणसं हळू आवाजात बोलायला लागली, "सरांचं सस्पिशन गेलं." एखाद्याची दृष्टी गेली किंवा हातपाय गेले असं सांगावं, तशा आवाजात.

दत्ताने तर एक दिवस छातीठोकपणे निम्मं पाणी घातलेलं दूध आणलं. सरांच्या समोर पातेल्यात ओतलं. ते इतकं पातळ होतं की तळाची कल्हई दिसत होती. दत्ताला राहवलं नाही. "सर, नखावर घेऊन बघा की."

"काहून?"

"पाणी हाय त्यात."

"असू दे," सर म्हणाले. "म्हशीला बी तहान लागती."

दत्ता माझ्या दारात येऊन बसला आणि डोळे पुसायला लागला. वीस वर्षं ज्या माणसाने त्याला चोर म्हटलं, त्याने चोर म्हणणं सोडलं म्हणून.

मी दोन्ही वेळचं ताट सरांना देत होते. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. सरांनी सगळी भाजी खाल्ली आणि म्हणाले, "चांगली झाली." मी विचारलं, "सर, त्या शब्दाचा अर्थ पुन्हा सांगा ना, सस्पिशनचा." लॅटिन निघेल, भावकी निघेल, निदान एखादी डिक्शनरी तरी खाली येईल, असं मला वाटलं होतं. सर भिंतीकडे बघत म्हणाले, "संशय. अजून काय." त्या दिवशी मी खरी घाबरले.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. न्हाणीतून क्रियापदं ऐकू येईनाशी झाली होती. सर आत जायचे आणि मी चहाचं आधण ठेवेपर्यंत बाहेर. एकदा मी सहज म्हटलं, "सर, एवढ्यात झाली अंघोळ?"

"माझी अंघोळ दोन तांब्यांची, मॅडम. लहानपणापासून."

"पण काकू होत्या तेव्हा तर अर्धा तास..."

सर टॉवेलने कान पुसत होते. थांबले. "मंग तिनं पीठ कधी दिलं असतं?" एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी तिथेच अंगणात उभी राहिले. चाळीस वर्षं हा माणूस थंडीवाऱ्यात ओल्या अंगाने क्रियापदं म्हणत आत बसला होता. भांडखोर, चिक्कू, संशयी म्हणून मी त्याला सहा वर्षं हिशोबात धरलं होतं. मला माझीच लाज वाटली, हे इथे सांगून टाकते.

विलास रोज संध्याकाळी फोन करायचा. त्याचा स्वभाव चांगला आहे, पण त्याने घर सोडलं त्याला वीस वर्षं झाली. तो मला म्हणाला, "मॅडम, बाबा किती शांत झालेत ना? कुणाशी वाद नाही, काही नाही. पाडव्याला येऊन घेऊन जातो. घराला कुलूप लावू." सरांनीही 'बरं' म्हटलं होतं. 'बरं' हा शब्द सरांच्या तोंडी मी त्यापूर्वी ऐकलेलाच नव्हता. नाशिकच्या चौथ्या मजल्यावर हा माणूस सगळ्या गोष्टींना 'बरं, बरं' म्हणत संपून जाईल, हे गल्लीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. विलासला कुणी कसं सांगायचं, की बाबा, तुझ्या बापाची शांतताच त्याचं दुखणं आहे? सांगितलं असतं तरी त्याने आम्हालाच वेड्यात काढलं असतं.

फाल्गुनात माझं पाच दिवसांचं प्रशिक्षण लागलं, हिंगोलीला. सोमवारी सकाळी सरच मला स्टँडवर सोडायला आले. ताटाची जबाबदारी मी दत्ताच्या बायकोवर टाकली होती. पाच दिवस मी प्रशिक्षणात काय ऐकलं ते मला आठवत नाही. पाडवा बारा दिवसांवर आला होता.

शनिवारी दिवस मावळायच्या सुमारास परतले. कुलूप काढून पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच दारावर थाप पडली. सर उभे होते.

"मॅडम, डब्यात हात पडला."

"कुठल्या डब्यात?"

"पिठाच्या. चला, दाखवतो."

मी त्यांच्यामागे गेले. त्यांनी झाकण काढलं. काकू गेल्या त्या सकाळचा शिक्का होता तो. श्रीचा वरचा अर्धा भाग जागेवर होता आणि खाली पिठात मोठा खड्डा पडला होता. पाच बोटांचे खोल, रुंद ओढे उमटले होते. पिठाला जुना, कडवट वास यायला लागला होता. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या बाहीला कोपरापर्यंत पीठ लागलं होतं.

"सर, तुम्हाला कुणावर सस्पिशन आहे का?"

त्यांनी मान खाली घातली आणि भुवयांच्या आडून माझ्याकडे पाहिलं. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा.

"तुमच्यावर."

मी पाच दिवस गावात नव्हते. यांच्या घराची किल्ली माझ्याकडे नव्हती. मला बसमध्ये बसवून दिलं ते यांनीच. येतानाचं तिकीट अजून माझ्या मुठीत होतं. एका वाक्यात मी निर्दोष सुटले असते. मी तिकीट चुरगळून पर्सच्या तळाशी घातलं.

"हो सर," मी म्हटलं. "मीच काढलं."

"किती?"

"दोन वाट्या."

"कोनाला दिलं?"

याची तयारी मी केली नव्हती. तोंडाला आलं ते नाव घेतलं. "सोनाबाईला."

सर डब्याजवळच्या पाटावर बसले. "बरं केलं. ती लई दिवस झाले आली न्हाई. मला लाजत असंल." मग ते त्या खड्ड्याकडे बघत बोलायला लागले. "चाळीस वर्षं विचारलं मी तिला, मॅडम. एकदा बी कबूल झाली न्हाई. म्हटलं, एकदा तरी म्हनंल की व्हय, मी दिलं. मी काय रागावनार होतो का? शेवटपर्यंत न्हाई म्हनली." आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला. काकूंना नेलं तेव्हा जे रडायचं राहिलं होतं, ते ते तिथे पाटावर बसून, पिठाच्या बाहीने डोळे पुसत रडले. मीही रडले. मला काकूंची फार आठवण आली, आणि सरांची इतकी माया आली की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एरवी ते चालवून घेतलं नसतं त्यांनी.

थोड्या वेळाने ते उठले, डोळे धुतले. "हे पीठ गेलं. उद्या नवीन दळावं लागंल. गिरणीवाला जात्यात आपली ज्वारी मागं ठेवून घेतो. मी सोता उभा राहनार हाय तिथं." मग दाराकडे बघून, "अन् त्या दत्तानं काय दूध घातलं मला दोन महिने? पाणी व्हतं नुसतं. त्याला काय वाटलं, मला कळत न्हाई?"

फोन वाजला. विलासची वेळ झाली होती. सरांनी फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. मी जायला निघाले, तर त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली.

"हां विलास. पाडव्याला ये, पुरनपोळी खा, चार दिवस राह्य. पन मला न्यायचं काही काढू नको... न्हाई, तब्येत चांगली हाय. अरे, घर सोडून कसा येऊ? घरात चोर निघाला... व्हय, खरंच. आजच सापडला. शेजारच्या मॅडमच. कबूल बी झाल्या."

पलीकडून विलास घाबरून काहीतरी मोठ्याने बोलत होता.

"पोलिसात काहून देऊ त्यांना?" ते म्हणाले. "त्यांच्याबिगर हाय कोन मला इथं?"

मी तोंड फिरवलं आणि डब्याचं झाकण उचलून पदराने पुसत राहिले.